अर्ध्या दाण्याचं रोप

"इथं काही मेलंय का?"

प्रयोगशाळेच्या दारात उभं राहून त्यानं विचारलेला हा पहिला प्रश्न. ना नाव, ना गाव. मी हातातली बाटली घाईघाईनं बंद केली.

"मेलं नाही काही. औषध आहे. सडक्या अंड्यांसारखा वास येतो त्याला."

"आणि तू दिवसभर यात बसतेस? स्वखुशीनं?"

"चार वर्षं झाली. तुझ्या मेंढ्यांना काय गुलाबाचा वास येतो?"

तो हसला. मेंढ्या मी अंदाजानंच म्हटल्या होत्या, बुटांवरून कळतंच. नाव नेड. मिंगन्यूहून चार तास गाडी हाकत पर्थला आला होता, काखोटीला ल्युपिन नावाच्या कडधान्याच्या दाण्यांची पिशवी मारून.

ते दाणे त्याच्या वडिलांचे. पंधरा वर्षांपूर्वी उशिरा पडलेल्या, गोठलेल्या दहिवरात अख्खं शेत जळालं, पण कुंपणालगत एक झाड तगलं. जॉकनं, म्हणजे त्याच्या वडिलांनी, त्या झाडाचं बी दरवर्षी वेगळं पेरलं, वेगळं राखलं. हा नवा वाण आहे, असं ते ठासून सांगायचे. शेजारी त्याला 'जॉकचा लाडोबा' म्हणायचे. मागच्या हिवाळ्यात जॉक गेले.

"शेतीखातं म्हणतं, बाजारातल्या वाणापेक्षा वेगळं निघालं तर चाचणीला घेऊ. बाबांचं नावही देऊ." नेडनं पिशवी टेबलावर ठेवली. "आई म्हणते, एकदाचं कळू दे. पण तू ओळखणार कसं? सगळे दाणे सारखेच तर दिसतात."

"दाण्यात कोंबासाठी डबा भरलेला असतो, प्रथिनांचा. प्रत्येक वाणाचा डबा थोडा वेगळा. मी तो जेलीत सोडते, वीज लावते. लहान प्रथिनं पुढे पळतात, मोठी मागे रेंगाळतात. त्यांचे पट्टे उमटतात, ते बघायचे."

मी एक दाणा पात्यानं मधोमध कापला. त्याचा जीव कळवळलेला मला दिसला.

"घाबरू नकोस. कोंबाचा अर्धा भाग मी ठेवून देते. पेरला की उगवतो."

"अर्धाच डबा घेऊन?"

"पुरतो. रोप थोडं हडकुळं येतं, इतकंच."

आठवड्यानं तो पुन्हा हजर. म्हणे, दाणे कमी पडले तर? आईनं केलेले स्कोन, म्हणजे छोटे गोड पावही होते, जॅमसकट. आमच्या प्रमुख मार्गो चष्म्यावरून त्याच्याकडे बघत म्हणाल्या, "मूठभर दाण्यांसाठी चार तास? पोस्टानं येतात हो ते." त्याचे कान लाल झाले. माझेही झाले असणार.

मी दाणे कुटत होते, तो स्टुलावर बसून विचारत होता आणि मी सांगत होते. एक मोठं प्रथिन असतं. एकाच लांब धाग्याचं बनतं, मग पेशी त्याला कापून दोन करते. पण ते दोन तुकडे सुटत नाहीत, गंधकाचा एक टाका त्यांना धरून ठेवतो.

"कापल्यावरही?"

"कापल्यावरही."

तो माझ्याकडे बघत राहिला… जरा जास्तच वेळ. मग हळूच म्हणाला, "आणि तो टाका उसवतं कोण?"

"तुझं ते… मेलेलं औषध."

दोघंही हसलो. नळ्या उकळत्या पाण्यात गेल्या. जॉकच्या शेवटच्या दिवसांबद्दल तो बोलत राहिला, आणि सगळी दुपार कुठे गेली ते मला कळलंही नाही.

पुढच्या आठवड्यात पट्टे उमटले तेव्हा तो पुन्हा येऊन शेजारीच उभा होता. बाजारातल्या वाणाचा नमुना मी पूर्वीच तयार करून गोठवून ठेवलेला. तोच बाजूला लावला होता. त्याचे नेहमीचे पट्टे खाली. आणि जॉकच्या दाण्यांत, वर, एक ठसठशीत पट्टा… कधीच न दिसलेला.

"वेगळं आहे," मी म्हटलं.

नेडनं भिंतीवरच्या फोनवरून घरी फोन लावला. "आई… बाबांचं बी खरंच वेगळं आहे." पलीकडून रडणं ऐकू आलं. फोन ठेवून तो डोळे पुसत वळला आणि म्हणाला, "गंमत बघ, मागच्या वेळी तो सडका वास आलाच नाही. सवय झाली वाटतं नाकाला."

मी फळीवरच्या बाटलीकडे बघितलं.

वास आला नव्हता, कारण बाटली उघडलीच नव्हती. तोंडानं त्या औषधाचं नाव घेतलं, हातानं घालायचं राहून गेलं. गोठवलेल्या नमुन्यात औषध होतं, जॉकच्या दाण्यांत नव्हतं; त्यांचा टाका उसवलाच नव्हता. तो वरचा पट्टा म्हणजे एकमेकांना धरून बसलेले तेच जुने दोन तुकडे!

आणि मी हसले. खरं सांगितलं नाही. औषध विसरणं ही चूक होती, पण ते हसणं ही चूक नव्हती, ते जाणूनबुजून होतं. त्याची मला आजही लाज वाटते.

दुसऱ्या दिवशी नवे नमुने केले, औषध घालून, नाक मुठीत धरून. वरचा पट्टा गेला. खाली दोन आले, अगदी बाजारातल्या वाणासारखे. मार्गो एवढंच म्हणाल्या, "पत्र पाठवू नकोस. स्वतः जा."

शनिवारी गेले. एप्रिल होता, तिकडचा पेरणीचा महिना, तरी पावसाचा पत्ता नव्हता. नेड कोरड्या वाळूतच पेरायला निघाला होता, पेरणीयंत्रात बी ओतत होता. मला बघून त्याचा चेहरा उजळला, आणि मी एका दमात सगळं सांगून टाकलं.

त्यानं पोतं खाली ठेवलं. "आई गावभर सांगून बसली आहे."

"तिला मी सांगते."

"म्हणजे बाबांनी पंधरा वर्षं बाजारातलंच बी लाडानं वाढवलं."

"हो."

खोटा धीर द्यावा असं फार वाटलं. दिला नाही.

स्वयंपाकघरात त्याच्या आईनं सगळं उभ्यानंच ऐकून घेतलं. मग केटल चुलीवर ठेवली. "जॉकला हे सांगायची माझी छाती झाली नसती," ती म्हणाली. "तू मला सांगितलंस, बरं केलंस. चहात दूध किती?"

चहानंतर नेड कुंपणापर्यंत चालत गेला. मी मागोमाग, गाडीतला ट्रे घेऊन. तो तारेला टेकून उभा होता, पाठमोरा.

"एक विचारू? चार वर्षांत ती बाटली किती वेळा विसरलीस?"

"एकदाही नाही."

"मग त्याच दिवशी का?"

वाऱ्यानं वाळू भुरभुरत होती. पळून जायला जागा नव्हती.

"कारण तू बोलत होतास…" मी म्हटलं, "आणि मला फक्त तेच ऐकायचं होतं."

तो वळला. डोळे ओले होते, पण ओठांच्या कोपऱ्यात काहीतरी हललं. मी घाईनं ट्रे पुढे केला. कापलेल्या बारा दाण्यांचे कोंबाचे अर्धे भाग मी वाळूत लावले होते. नऊ उगवले होते.

"हे जॉकचे. साधेच आहेत."

त्यानं एका पानाला बोट लावलं. "हडकुळे आहेत."

"सांगितलं होतं की मी."

आम्ही गुडघ्यांवर बसून ती नऊ रोपं कुंपणालगत लावली. खड्डा करताना त्याचा हात माझ्या हातावर आला आणि तिथंच राहिला.

"मी तर पेरणीवर असणार," तो म्हणाला. "पाऊस येईपर्यंत दर शनिवारी कुणीतरी पाणी घालायला हवं."

"चार तासांचा रस्ता आहे, नेड."

"मला सांगतेस?"

मी दर शनिवारी गेले. त्या वर्षी पाऊस पाच आठवडे उशिरा आला. सगळं मिंगन्यू आभाळाच्या नावानं बोटं मोडत होतं. मी मात्र एकदाही तक्रार केली नाही.