आई मागे बसली की

गाडी बंद पडली ती नेमकी माझ्या गॅरेजच्या दारात. ना कुणी आत येईल, ना कुणी बाहेर जाईल! मी हातात पाना घेऊनच बाहेर आले.

“अहो, रस्ता काय विकत घेतलाय?”

काच खाली झाली. चालवणारा घामाघूम. मागच्या सीटवर एक बाई उशीला टेकून, डोळे मिटून बसलेल्या.

“आईला हॉस्पिटलमध्ये न्यायचंय,” तो म्हणाला. “ही... मध्येच बंद पडते. मग अर्धा तास काही केल्या चालू होत नाही.”

माझा आवाज आपोआप खाली आला. दोघांनी गाडी बाजूला ढकलली आणि मीच माझ्या गाडीतून त्यांना पोचवलं.

तो शाळेत चित्रकला शिकवायचा, म्हणून मी मास्तर म्हणू लागले. मास्तर सरळ, गाडी मात्र महाबिलंदर. गॅरेजमध्ये आली की गरीब गाय! मी प्लग बदलले, पेट्रोलचा पंप तपासला, वायरी हलवून पाहिल्या. मास्तरांना चालवायला लावून शेजारी बसले, गावभर फिरले. सुसाट पळाली. आणि मास्तर आईंना घेऊन निघाले की हमखास दगा.

“आई, हिचं तुमच्याशीच वाकडं आहे,” मी म्हटलं.

“छे गं, तिला तू आवडतेस. बिघडल्याशिवाय तुझ्याकडे यायचं कसं?”

मास्तरांचे कान लाल झाले. मी... मी बॉनेटखाली तोंड खुपसलं.

गाडी बरी झाली की मास्तर यायचे थांबणार, हे मला कळत होतं. पण हॉस्पिटलातला ठरलेला उपचार चुकला की आई अंथरुणातून उठत नसत, तेही मी पाहिलं होतं. दोष सापडायलाच हवा होता.

“उद्या मी येते बरोबर,” मी म्हटलं. “आई असतानाच.”

बाहेर रणरणतं ऊन होतं. आणि हेच का ते सुसाट मास्तर? गोगलगायही पुढे गेली असती! खड्डा आला की थांबायचे, आरशात बघायचे, “दुखलं का गं?” मागचे हॉर्न वाजवून वैतागले, तरी यांना काही नाही. एवढं जपून कुणी कुणाला नेताना मी पाहिलं नव्हतं. मी त्यांच्याकडे बघतच राहिले... आणि गाडी बंद पडली.

मास्तरांनी किल्ली फिरवली. इंजिन घरघरलं, पण इंजिनाच्या वेगाचा काटा जागचा हलेना. मी आईंची पाण्याची बाटली उचलली, बॉनेट उघडलं आणि खालच्या एका छोट्या सेन्सरवर पाणी ओतत राहिले.

“आता फिरवा.”

चालू!

“इंजिन फिरतंय हे हा सेन्सर गाडीला कळवतो,” मी म्हटलं. “तापला की मुका होतो. एकटे असता तेव्हा तुम्ही पळवता, वारा लागतो. आई मागे बसल्या की इतकं हळू चालवता, की तो आत भाजून निघतो.”

“म्हणजे... जोरात चालवू?”

“खबरदार! सेन्सर मी बदलते. तुम्ही अशीच चालवा.”

सेन्सर बदलला. गाडी पुन्हा अडली नाही, आईंचा एकही उपचार चुकला नाही. मास्तर यायचे थांबले.

आजार मात्र हटला नाही. आई गेल्या. मी भेटायला गेले, तेव्हा मास्तर रिकाम्या पलंगाजवळ बसून होते. मीही शेजारी बसून राहिले.

मग एका संध्याकाळी गाडी पुन्हा माझ्या दारात उभी.

“काय हो, परत बंद पडली?”

“नाही. तुम्हाला... घरी सोडू?”

मी हात दोनदा धुतले आणि पुढे बसले. रस्ता मोकळा होता. तरी गाडी रांगत होती. खड्डा आला. मास्तर थांबले, माझ्याकडे बघितलं, मग अलगद चाक उतरवलं.

“मास्तर, गाडीत काही बिघाड?”

“नाही.”

“मग इतकी हळू?”

ते समोर बघत राहिले. “मी कधी हळू चालवतो... तुम्हीच शोधून काढलंत ना?”

माझे डोळे भरून आले. माझ्या घराची गल्ली मागे गेली, ती मला दिसली होती, तरी मी थांबवलं नाही.

“अशीच चालवा,” मी म्हटलं.