पिवळं माझं, पांढरं तुझं

मंडईतली अंड्यांची ती शेवटची टोपली. एका बाजूनं माझा हात पडला, दुसऱ्या बाजूनं त्याचा.

"सोडा," मी म्हटलं.

"तुम्ही सोडा," तो म्हणाला. पण हसून… आणि हसताना त्याच्या गालावरून साखर सांडली. खरंच साखर होती, थेट कानापर्यंत.

युद्ध पेटलं होतं तिकडे युरोपात. मी त्यातूनच पळाले होते. आधी बार्सिलोनाहून पॅरिसला, मग बोटीनं मेक्सिकोला. आणि इथल्या कोंबड्यांनी नेमका त्याच आठवड्यात संप केला होता!

"एवढी अंडी? घरात खाणारी तोंडं किती?"

"एकच, हे. मेरेंगे विकतो मी. पांढरं आणि साखर घोटायची, ढगासारखी फुगवायची, भाजायची. तुम्ही?"

"चित्रं काढते. रंग बलकात कालवते."

"आणि पांढरं?"

"टाकून देते."

त्यानं छातीवर हात ठेवला. "टाकून देते म्हणे! आणि मी पिवळं शेजारच्या मांजरीला घालतो!"

अंडेवाली वैतागली. "लग्न करा आणि मोकळे व्हा. मला घरी जायचंय."

त्याचं नाव मेलितोन.

दुसऱ्या दिवसापासून तो भलामोठा वाडगा घेऊन माझ्या स्वयंपाकघरात यायला लागला. मी अंडं फोडायची. पांढरं त्याच्या वाडग्यात, पिवळं माझ्या तळहातावर. मग ते पिवळं हळूच या हातावरून त्या हातावर… कोरडं होईपर्यंत. तो वाडगा धरून बघत राहायचा.

"काय बघताय?"

"सूर्य घेऊन उभ्या आहात हातात… भाजत नाही?"

पलीकडच्या खोलीतून इलोना खाकरायची. इलोना माझी हंगेरीची मैत्रीण, तीही चित्रकार. "नूरी, काल दहा अंडी फोडायला दहा मिनिटं लागली. आज दोनच आहेत, तरी तास झाला गं!"

माझं चित्र तेव्हा अर्धं झालं होतं. अख्खं घर डोक्यावर घेऊन एक बाई समुद्रावरून चालली आहे, घराच्या खिडकीत दिवा… मेलितोन एकदा त्यापुढे बराच वेळ उभा राहिला. आता म्हणणार, छान आहे. किंवा म्हणणार, अगदी तुमच्यासारखी दिसते. सगळे तेच म्हणत.

"मान दुखत असेल हिची," तो म्हणाला. "मी रोज डोक्यावरून परात नेतो ना… एक चुंबळ तरी द्या हो तिला."

मला पटकन पाठ फिरवावी लागली. इतक्या वर्षांत, इतक्या देशांत, कुणी विचारलं नव्हतं मान दुखते का म्हणून.

त्या रात्री मी तिला लाल चुंबळ दिली.

आणि मग गास्पार आला. पॅरिसचा कवी, आमच्या अतिवास्तववादी मंडळींचा म्होरक्या. कधीकाळी मी त्याच्या घरात, आणि त्याच्या प्रत्येक कवितेत राहिले होते. ही मंडळी स्वप्नांना मानायची, योगायोगाला देव म्हणायची. त्यांच्या चित्रांत आम्ही बायका सगळीकडे असायचो. डोळे मिटलेल्या, पंख फुटलेल्या, कधी बिनडोक्याच्या. आमची चित्रं मात्र दारामागे लागत. इलोनाचं एक तर 'अनामिक' म्हणून लागलं होतं.

गास्पारनं शहरात प्रदर्शन मांडलं. मला म्हणाला, "तू दारात बसायचंस, पांढऱ्या झग्यात, डोक्यावर पक्ष्यांचा पिंजरा."

"आणि माझं चित्र?"

"लावू की, मागच्या बोळात. अगं, तू स्वतःच चित्र आहेस! तुला काढायची काय गरज?"

उद्घाटनाच्या संध्याकाळी पाऊस नुकताच थांबला होता. दारासमोर मेलितोन परात मांडून गात होता:

"घ्या गं घ्या, ढगाचा घास,
जिभेवर ठेवा, उरतो भास…"

मेरेंगेवाल्याशी इथं नाणं उडवून खेळतात, नाण्याच्या एका बाजूला सूर्य, दुसऱ्या बाजूला गरुड. जिंकलात तर मिठाई फुकट, हरलात तर पैसे त्याचे आणि मिठाईही त्याचीच. गास्पार तीनदा हरला, आणि पोरासारखा खूश झाला. "बघा, हाच खरा योगायोग!"

पिंजरा हातात घेऊन मी पुढे झाले. माझा आवाज मलाच परका वाटला.

"मग माझाही होऊ दे फैसला, गास्पार. सूर्य पडला तर माझं चित्र दारासमोरच्या भिंतीवर. गरुड पडला तर… पिंजरा माझ्या डोक्यावर."

"कबूल!" गास्पारनं टाळी वाजवली.

सगळे मेलितोनकडे बघायला लागले. त्यानं नाणं अंगठ्यावर ठेवलं… आणि मूठ मिटली.

"मी नाही उडवणार."

"अरे, हाच तर तुझा धंदा!"

"मिठाईसाठी उडवतो, साहेब. ती गेली तर उद्या पुन्हा करता येते." तो माझ्याकडे बघत होता, फक्त माझ्याकडे. "हे पुन्हा नाही करता येणार."

मी पिंजरा खाली ठेवला आणि बोळात गेले. चित्र काढून आणलं. इलोना हातोडी घेऊन उभीच होती. जणू पॅरिसपासून उभी होती. दारासमोरच्या भिंतीवर मी स्वतः खिळा ठोकला, आणि खाली माझं नाव लिहिलं, पूर्ण.

"नूरिया, माझं स्वप्न मोडलंस तू," गास्पार पुटपुटला.

"तुझी स्वप्नं तू बघ ना. मला माझी आहेत."

तो चित्राजवळ गेला. पहिल्यांदाच गेला असेल. "ही लाल चुंबळ…" एवढंच म्हणाला. इलोनानं अलगद पिंजरा त्याच्या डोक्यावर चढवला. "शोभतोय हं!" लोक हसले, मग तोही. रात्रभर काढला नाही त्यानं तो.

मी बाहेर आले. परात रिकामी झाली होती, मेलितोन चुंबळ गुंडाळत होता.

"काय काय पुन्हा करता येतं म्हणालास?" तुम्हीचं तू कधी झालं, मला कळलंच नाही.

"मेरेंगे."

"आणि… मुका?"

त्याचे कान लाल झाले, साखरेखालूनही दिसले. बराच विचार केला त्यानं.

"तो… तो येतो करता. पुन्हा पुन्हा."

"मग उडव."

नाणं उडालं. दिव्याच्या उजेडात एकदा चमकलं, आणि कुठल्याशा डबक्यात डुबकन पडलं.

सूर्य होता की गरुड… आम्ही दोघांनीही पाहिलं नाही.