दादाचं पोट दुखायचं थांबलं तेव्हा

आमच्या समुद्रातल्या तरंगत्या वीजकेंद्रावर त्या दिवशी पोहण्याची परीक्षा होती, आणि आदल्या संध्याकाळपासून थोडंथोडं दुखणारं निनाददादाचं पोट नेमकं सकाळीच जोरात दुखायला लागलं. मला लगेच शंका आली. "नाटकं पुरे हं!" मी म्हणाले. तेवढ्यात तो पांढराफटक पडला आणि धाडकन कोसळला.

आमचा आरोग्य-यंत्रमानव धन्वा धावत आला. त्याने दादाला उताणं झोपवून पाय उशीवर उंच ठेवले. दादाने हळूहळू डोळे उघडले.

"दुखतंय पोट, मग शुद्ध का हरपते?" मी धन्वाला खडसावलं. माझा त्याच्यावरही फारसा विश्वास नव्हता.

"फार दुखलं की व्हेगस (मेंदूपासून पोटापर्यंत गेलेला मज्जातंतू) खवळतो. हृदय मंदावतं, रक्तवाहिन्या सैलावतात, मेंदूला रक्त कमी पोचतं. पण पोटात आतल्या आत रक्तस्राव झाला तरी माणूस असाच पडतो. म्हणून मी रुग्णबोट बोलावली आहे."

एवढ्यात आत्या एरंडेल घेऊन आली. "कोठा साफ झाला की बरं वाटेल."

धन्वा आडवा आला. "काही पाजू नका, पोट चोळूही नका!"

"आता हा डबा मला शिकवणार!" आत्या भडकली.

"थांबलं गं," दादा पुटपुटला. "एकदम थांबलं."

"बघा, वायगोळाच होता!" आत्याने फोन उचलला. "येऊ नका म्हणून सांगते त्यांना."

मला मात्र काहीतरी काळंबेरं वाटलं. काल संध्याकाळी बेंबीपाशी दुखत होतं, सकाळी उजवीकडे खाली सरकलं, आणि आता एकदम गायब? बरं वाटलं असतं तर दादा उठून बसला असता. तो तर ताठ पडून होता, कूससुद्धा बदलेना. कपाळ तापलेलं.

"धन्वा, दुखणं थांबलं कशामुळे?"

"तुझा संशय रास्त आहे. अपेंडिक्स (मोठ्या आतड्याच्या सुरुवातीला लोंबणारी करंगळीएवढी नळी) सुजून फुगलं की दुखतं. ते फुटलं की ताण उतरतो, थोडा वेळ बरं वाटतं. पण आतली घाण पोटभर पसरत जाते."

मी आत्याच्या हातातून फोन हिसकावला. "बोट येऊ द्या! लवकर या!" मी रडतच ओरडले.

अपेंडिक्स फुटलंच होतं. रुग्णालयात पोचताच डॉक्टरांनी ते काढलं, पोट आतून धुतलं, प्रतिजैविकं (जंतू मारणारी औषधं) सुरू केली. "बोट परत फिरली असती, तर अवघड होतं," ते म्हणाले. "आतली सूज आधीच कळवेल अशी गोळी आम्ही तयार करतोय. तुम्ही मोठे होईपर्यंत येईलही."

दादा शुद्धीवर आला आणि कण्हला, "आई गं, टाके दुखतायत!"

आत्या हसता हसता रडायला लागली. "दुखू दे रे बाळा, दुखू दे."