क्लोराइड आलं कुठून?

कॉम्प्युटर रूमचं दार उघडताच अंजना मेश्राम मॅडमच्या नाकात आधी वास शिरला. टाकीत ब्लीचिंग पावडर जास्त पडली की नळाला येतो, तसा. मग दीप्ती दिसली. काळ्या पडलेल्या स्क्रीनसमोर पर्स छातीशी धरून बसली होती.

"लाइट गेली आणि इन्व्हर्टरनं जरासुद्धा दम धरला नाही," ती म्हणाली. "दीड महिना कॉम्प्युटरवर चाललेला रन गेला, मॅडम. डिस्कच उघडत नाहीये."

२००९ चा मे महिना. गोंदियात भारनियमन इतक्या नेमानं व्हायचं की त्यावर घड्याळ लावावं. इन्व्हर्टरशिवाय असलं काम हाती घेणं म्हणजे शुद्ध वेडेपणा.

काम असं होतं. पेशीच्या आवरणात प्रथिनांची दारं असतात. त्यातल्या एका दारातून क्लोराइडचे आयन, म्हणजे विद्युतभार असलेले कण, ये-जा करतात. ते दार तुंबलं की घाम खारट होतो, फुप्फुसात चिकट कफ साचतो, लेकरं दगावतात. तुंबलेल्या दारात एक बारीक बदल केला की आयन पार होतो, असं गोवर्धन पटले सरांनी कॉम्प्युटरवर दाखवलं होतं आणि त्यावर नावही कमावलं होतं. त्यांची विद्यार्थिनी दीप्ती रामटेके तोच प्रयोग जास्त वेळ चालवून पाहत होती. चार वाजता नागपूरची समिती यायची होती. दाखवायला काही नसलं तर दीप्तीची पीएचडी गुंडाळली जाणार होती.

इन्व्हर्टर कसा बंद पडला याची चौकशी प्राचार्यांनी अंजना मॅडमकडे सोपवली. रसायनशास्त्राच्या बाईंचा या भानगडीशी काही संबंध नाही, असा त्यांचा समज.

"बॅटरीत पाणी कोण टाकतं?" मॅडमनी विचारलं.

"मीच जी," शिपाई बिसराम म्हणाला. कमरेला गोणपाट गुंडाळून तो बॅटऱ्या पुसत होता.

"नळाचं?"

"नाही जी! डिस्टिल पाणी. नळाचं कायले टाकीन?"

"आणि हे गोणपाट?"

"नवी पँट हाय जी. खराब कायले करू?"

"खोलीची चावी कोणाकडे असते?"

"एक सराजवळ, एक दीप्तीबाईजवळ. मले त्यायनंच दार उघडून द्या लागते."

तेवढ्यात पटले सर आले. पांढरा शर्ट, पांढरी सुती पँट, कडक इस्त्री. एवढ्या टापटिपीच्या माणसाच्या मांडीवर बारीक भोकं पाहून मॅडमना नवल वाटलं.

"पँटला काय झालं, सर?"

"उंदीर! परवापर्यंत धड होती. धुऊन आली, घाईत घातली आणि इथं येऊन बघतो तर ही दशा. घरात उंदरांनी उच्छाद मांडलाय." सर बिसरामकडे वळले. "याचंच काम. विहिरीचं पाणी टाकलं असेल."

मॅडमनी बॅटरीतले चार थेंब काढले, डिस्टिल्ड पाण्यात मिसळले आणि वरून सिल्व्हर नायट्रेट सोडलं. नळीत फाटलेल्या दुधासारखा पांढरा साका धरला.

"क्लोराइड. साध्या पाण्यानं नुसतं गढूळ झालं असतं, सर. हे मीठ आहे, तेही मूठ-मूठभर. मीठ पडलेली बॅटरी चार्ज होताना क्लोरीन सोडते. वास त्याचाच."

सरांनी दीप्तीकडे बोट केलं. "मग दीप्तीच. रिझल्ट हाती लागेना, म्हणून मशीनच संपवलं."

मॅडमनी दीप्तीला बाजूला घेतलं.

"पर्समध्ये काय आहे?"

"काही नाही."

"मग एवढी घट्ट का धरलीस?"

"चार वाजता सांगीन. त्याआधी सरांना विचारा, त्यांचा आयन पार कसा झाला."

अकरावीपासून शिकवलेली पोर नजरेला नजर देत नव्हती. हिनंच तर केलं नसेल?

चार वाजता समिती बसली. मॅडम उभ्या राहिल्या.

"मीठ टाकणारा खोलीची चावी असलेलाच. म्हणजे दोघांपैकी एक. बॅटरीत मीठ टाकताना ॲसिडचे शिंतोडे उडतात. सुती कापडावर ते लगेच दिसत नाहीत. कापड धुतलं की भोकं पडतात. माझ्या निम्म्या साड्या अशाच गेल्या. बिसरामला हे ठाऊक आहे, म्हणून तो गोणपाट बांधतो. पटले सर, तुमचा जन्म कॉम्प्युटरसमोर गेला. तिथं ॲसिड अंगावर उडत नाही. उंदीर कपड्याची घडी कुरतडतो, मांडीवर शिंतोड्यासारखी भोकं पाडत नाही."

"मी असं काऊन करीन?" सरांच्या तोंडून एकदम घरची बोली निसटली.

"ते मी सांगते," दीप्ती म्हणाली. तिनं पर्समधून पेन ड्राइव्ह काढला. "सरांच्या जुन्या रनची फाइल मी बघितली. त्यात आयनला मागून जोर लावलाय. ढकलत ढकलत पलीकडे नेलाय. शोधनिबंधात मात्र लिहिलंय, आपोआप गेला. शुक्रवारी मी सरांना विचारलं, तर म्हणाले, आधी रन पूर्ण कर. आणि आज बॅटरी गेली. पण इथल्या लाइटचा भरवसा नाही, म्हणून माझ्या रनमधल्या, न ढकललेल्या आयनच्या वाटेचं चित्रण मी रोज यात उतरवून घेते."

"मग सकाळीच का नाही सांगितलंस?" मॅडमनी विचारलं.

"कोणी केलं ते कळत नव्हतं. कोणाच्याही हाती द्यायची भीती वाटली. तुमच्यासुद्धा."

मॅडमना ते फार लागलं. पण दिवसभर त्यांनी तरी दुसरं काय केलं होतं?

समितीच्या लॅपटॉपवर चित्रण सुरू झालं. हिरवा ठिपका दारात शिरला, मधोमध आला, घुटमळला आणि आल्या वाटेनं मागे फिरला.

"पुन्हा लावा," समितीतल्या बाई म्हणाल्या.

ठिपका पुन्हा शिरला आणि पुन्हा माघारी आला. पटले सर स्क्रीनकडे बघत नव्हते. दोन्ही तळहातांनी मांडीवरची भोकं झाकून ते खाली मान घालून बसले होते.