दुपारचा फोटो

पाळणाघरातल्या काकू रोज दुपारी मुलांची जेवणं आटोपली की प्रत्येक आईला तिच्या पोराचा एक फोटो पाठवतात. मूल जेवलंय, धडधाकट आहे, तुम्ही निवांत काम करा, असा त्याचा अर्थ. माझं काम विमा कंपनीत. अपघात झालेल्या गाड्यांचे फोटो बघायचे आणि दावा खरा की खोटा ते सांगायचं. सावली कुठे पडलीय, काच आतून फुटलीय की बाहेरून, हे मला पटकन कळतं. घरचे मला काळजीचा कारखाना म्हणतात. म्हणू देत. कारखाना चालू आहे म्हणून पोर तीन वर्षांची झाली.

त्या आठवड्यात माझ्या फोनवर फोटो उतरेनासे झाले. सगळे नाहीत, फक्त काकूंचे. ऑफिसातल्या चेपलेल्या गाड्या धडाधड येत होत्या. काकूंच्या फोटोच्या जागी मात्र राखाडी, पुसट चौकोन आणि मधोमध खाली तोंड केलेला बाण. बाण दाबला की चक्र गरगरायचं आणि शेवटी तेच वाक्य यायचं : डाउनलोड झालं नाही, पुन्हा प्रयत्न करा.

केला. वायफाय बंद करून मोबाइल डेटा लावला. जुने व्हिडिओ पुसून जागा केली. तारीख-वेळ तपासली, ॲपला परवानग्या दिल्या, शेवटी ॲपच काढून पुन्हा टाकलं. चौकोन राखाडीच. डोळे बारीक केले की खाली एक पिवळा डाग दिसायचा, तो पोरीचा फ्रॉक. त्याच्या मागे काहीतरी उभट, निळसर.

"अगं, फोन आहे तो, आजारी मूल नाही," नवरा म्हणाला. "सारखा हातात घेऊन काय बघतेस? दुकानात दे." बाळंतपणानंतर माझा डावा पाय जरा ओढत पडतो, त्यावरही त्याची थट्टा ठरलेली असते. "तुला बेल कशाला हवी? डावी चप्पल घासत आलीस की मजलाभर कळतं."

दुसऱ्या दिवशी जेवणाच्या सुट्टीत ऑफिसखालच्या दुकानात गेले. दुरुस्तीवाल्याने दातात धरलेला स्क्रू काढून बशीत टाकला. "पाळणाघरवाल्या बाईंना सांगा, आजचा फोटो माझ्या नंबरवर टाका. खोट फोटोत आहे की फोनमध्ये, आत्ता कळेल."

फोटो आला. त्याने बघितला. "फोटो झकास आहे, ताई. फोनच बदला."

"बघू?"

त्याने स्वतःचा फोन माझ्यासमोर धरला. राखाडी चौकोन. बाण.

"उतरला नाही अजून."

"उतरलाय की! ही काय तुमची मुलगी. पिवळा फ्रॉक. तुमच्या मांडीवर बसलीय."

"कुणाच्या?"

"तुमच्या." तो हसला. मग माझ्या कपड्यांकडे बघून म्हणाला, "हाच निळा ड्रेस. मघाशीच काढलात ना?"

तो ड्रेस मी त्या सकाळी पहिल्यांदा घातला होता.

तिथेच उभ्या उभ्या काकूंना फोन लावला. "पोरीजवळ कोण आहे?"

"कोण म्हणजे? आत्ताच तर भरवून गेलात. आजही काही बोलला नाहीत. मला वाटलं, घाईत असाल."

मला वेड लागलंय असा समज करून घेण्याची सोय होती. सोपीही होती. मी ती घेतली नाही. दुसऱ्याच्या नावाने केलेला दावा खोटाच असतो, कागद कितीही चोख असोत.

संध्याकाळी पोरीचे केस विंचरताना सहज विचारल्यासारखं विचारलं, "दुपारी कोण भरवतं गं तुला?"

"आई."

"म्हणजे मी?"

तिने माझ्या गालाला हात लावून बघितला. "तू संध्याकाळची आई."

"आणि दुपारची?"

"ती बोलत नाही. तिचे हात गार असतात."

सकाळी मी ऑफिसला गेले नाही. पाळणाघरात खिडकीजवळच्या खुर्चीत बसले, पोर मांडीवर. साहेबांचा फोन आला : दावे तुंबलेत. म्हटलं, तुंबू देत.

"काकू, आजपासून मी स्वतः बोलल्याशिवाय पोर माझ्या हातात द्यायची नाही. चेहरा बघून तर नाहीच."

"अहो, असं काय बोलता? तुमचा चेहरा मी ओळखत नाही का?"

"माझाच चेहरा असला तरी नाही."

काकूंनी माझ्याकडे जरा निरखून बघितलं आणि ताटल्या मांडायला घेतल्या.

मुलं जेवायला बसली. चमच्यांचा किणकिणाट सुरू झाला. मग जिन्यात चप्पल वाजली.

उजवी टेकत होती. डावी घासत होती.

आवाज दारापाशी थांबला. दाराच्या धुरकट काचेमागे निळसर काहीतरी उभं राहिलं.

पोरीने घास तोंडातच ठेवला.

आवाज नाही थरथरू दिला. पोरीला छातीशी धरून, सगळ्या खोलीला ऐकू जाईल असं म्हटलं, "इथे तुझं काही नाही. जा."

मग चप्पल घासत घासत जिना उतरून गेली.

"कोण होतं?" काकूंनी आतून विचारलं.

"चुकून आलं होतं कुणीतरी. आमचा फोटो काढा."

त्यांनी काढला. माझ्या फोनवर क्षणात उतरला. मी, पोर, तिच्या हनुवटीवरचा दुधाचा थेंब, सगळं लख्ख. त्या आठवड्यात पहिल्यांदा हसले.

संध्याकाळी पोरीला कडेवर घेऊन घरी निघाले. इमारतीच्या जिन्यापाशी फोन वाजला. घरच्या ग्रुपवर नवऱ्याने लिहिलं होतं : बाईसाहेब आज लवकर घरी! चहा मी केलाय, सर्वांनी नोंद घ्यावी. खाली सासूबाईंचं उत्तर : छान आलाय फोटो. पण पोर कुठे दिसत नाही?

वर फोटोच्या जागी राखाडी चौकोन होता.

बाण दाबला नाही. फोन पिशवीत टाकला आणि जिना चढले. मुद्दाम डावा पाय जोरात घासत, मजलाभर ऐकू जाईल असा.

दारासमोर उभी राहिले. "बेल दाब, पिल्लू."

तिने दाबली.

आत खुर्ची सरकली. पावलं दारापर्यंत आली. डावी घासत.

दार उघडलं नाही. पलीकडून कुणीतरी हळूच, नवीनच शिकल्यासारखं, माझ्या आवाजात बोललं.

"इथे तुझं काही नाही. जा."

मी पोरीचं बोट बेलवर पुन्हा ठेवलं आणि माझ्या हाताने दाबून धरलं.