खराट्याच्या मागे

शेगडीत एक ओंडका सार आणि बस इथे. म्हातारीच्या डोंगराला वळसा घालणारी ती शर्यत तू पळणार म्हणतोस ना? पळ बापडा, मी कोण अडवणार! फक्त हे ऐकून घे.

आमच्याकडे शर्यतीत सगळ्यांत शेवटी खराटा चालतो. म्हणजे दोन माणसं, आणि एकाच्या पाठीला बर्चच्या काटक्यांचा खराखुरा खराटा बांधलेला. शेवटच्या धावणाऱ्याच्या मागे राहायचं आणि वाटेवर खुणेला रोवलेल्या झेंड्या उपटत यायचं. खराट्याने ज्याला गाठलं त्याची शर्यत संपली. आणि खराट्याच्या मागे कुणाला म्हणजे कुणालाच राहू द्यायचं नाही, कारण तिथे वाटेची खूणच उरत नाही. त्या वर्षी खराटा माझ्या पाठीवर होता. जोडीला तुल्लिओ सुतार. चालायला बैल, बोलायला मुका.

शेवटच्या होत्या फिओरेंझाबाई, शाळेतल्या. माझ्या दोन्ही पोरींना त्यांनीच शिकवलं. आधीची दोन वर्षं आम्ही त्यांना खिंडीखाली गाठलं होतं, आणि दोन्ही वेळा बाई हुंदके देत आमच्याबरोबर चालत उतरल्या होत्या. आता हिवाळ्यात गुडघ्याचं ऑपरेशन ठरलेलं. यंदा नाही तर कधीच नाही. सकाळी चौकात त्यांचा नवरा एत्सिओ घोंगडी काखेत मारून माझ्यापाशी आला.

"निव्हेस, जरा दमानं चाल हं. यंदा तिला गाठलंस ना, तर तुझं चीज घ्यायचं बंद!"

"कर की बंद. नाहीतरी अर्धं तुझं कुत्रंच खातं."

दुपारपर्यंत सगळं छान चाललं. खिंडीतल्या तंबूत धावणारे मोजत बसलेल्या बायका म्हणाल्या, "बाई आत्ताच गेल्या. आता मागे कुणी नाही, तुम्हीच शेवटचे." त्यांनी तुल्लिओला जेनेपीचा, आमच्या डोंगरी दारूचा, घोट पाजला आणि तंबू आवरायला घेतला. पलीकडच्या उतारावर मला बाईंचं लाल जाकीट दिसलं. पळत होत्या रे बाई! त्यांनी वळून काठी हलवली. इतका आनंद झाला मला, काय सांगू. मग खालून धुकं चढलं.

आमच्या डोंगरात धुक्यात आधी आवाज जातात. गाईंच्या घंटा गेल्या, ओढा गेला. ओल्या लोकरीसारखा वास तेवढा राहिला. आणि मागून... टक. टक. दगडावर काठ्यांची लोखंडी टोकं.

मी थांबले. तेही थांबलं.

"बकरी असेल," तुल्लिओ म्हणाला.

"काठ्या घेऊन?"

"निव्हेस... चल."

चाललो. पुन्हा टक, टक. आणि धाप, छातीत शिट्टी वाजणारी. इतकी वर्षं खराटा वाहिलाय, तो श्वास मी ओळखते. आता रडू फुटणार अशा माणसाचा तो श्वास असतो.

विचार कर. झेंड्या सगळ्या माझ्या पिशवीत. मागच्याला वाट दिसणार कशी? भीती वाटत होती, नाही कशाला म्हणू? पण त्याहून जास्त लाज वाटली. मागे उरलेल्याला एकटं सोडायचं नाही, एवढंच तर आमचं काम. मी खडकाला पाठ लावून उभी राहिले आणि धुक्याला म्हणाले, "या... पुढे व्हा. आम्ही थांबलोय."

तुल्लिओनं माझा दंड धरला. "अगं, कुणाला बोलावतेस?"

वाट हातभर रुंद. टक टक जवळ आली आणि माझ्या पोटाला घासून गार काहीतरी पुढे गेलं. दिसलं काहीच नाही. मग आवाज आमच्या पुढून यायला लागला. आता त्याला धाप नव्हती. ते पळत होतं.

तेव्हा कुठे माझ्या डोक्यात प्रकाश पडला. पुढे कोण होतं? बाई. एकट्या.

"बाई! थांबा!" मी ओरडले. मूर्ख मी, पळा म्हणायला हवं होतं.

खालून बाईंचा आवाज आला, वर्गात विचारायच्या तसा शांत. "कोण आहे?... अहो, कोण तुम्ही?" मग काठ्यांच्या दोन जोड्या वाजल्या. थोडा वेळ दोन. नंतर एकच.

आम्ही जीव खाऊन धावलो. हाका मारल्या, दरीत डोकावलो. कुणी नाही. गावात शिरलो तर चौकात टाळ्या! एत्सिओ हसत होता, रडत होता, आणि त्याच्या घोंगडीत बाई, गळ्यात पदक, हातात सुपाचा वाडगा. देवा, सुखरूप आहेत! मी त्यांचे हात धरले. गार होते. बाई माझ्याकडे बघून मायेनं हसल्या.

"तुझ्यामुळे गं," त्या हळूच म्हणाल्या. "किती वर्षं मागेच राहिले होते... तू बाजूला झालीस, म्हणून आले."

तुल्लिओनं छातीवर क्रुसाची खूण केली आणि वळून घरी गेला. एत्सिओनं मला मिठी मारली. "नाही गाठलंस शेवटी!" इतकं खूश मी त्याला कधी पाहिलं नव्हतं. काय सांगणार होते मी त्याला?

ऑपरेशन लागलंच नाही. गुडघा आपोआप बरा झाला म्हणे. बाई रोज सकाळी पळतात. जुनी मुलं भेटली की हसतात, पण नावानं हाक मारत नाहीत.

परवा एत्सिओ चीज घ्यायला आला आणि सांगायला लागला. तो आणि बाई फिरायला खिंडीकडे गेले होते. ती पुढे, नेहमीसारखी भरभर. हा बूट बांधायला वाकला, आणि त्याच्या पाठीमागून, अगदी जवळून, कुणीतरी धापा टाकत म्हणालं, "एत्सिओ... थांबशील का रे जरा?"

"तिचाच आवाज, निव्हेस. आणि ती तर पुढे होती."

"मग? वळून बघितलंस?"

त्यानं नाही म्हणून मान हलवली. "बघितलं असतं, तर जी घरी आहे तिच्याबरोबर राहायचं कसं, सांग ना."