हार्लन क्रेबचा डबा

सिंगापूरमधल्या तुआसच्या शिपयार्डमधून निवृत्त झाल्यावर निशिकांतनं पाया लेबारजवळ एक लहानशी खोली भाड्यानं घेतली आणि तिथं जुने अॅम्प्लिफायर दुरुस्त करायला लागला. मार्चमध्ये त्याची बायको संजीवनी गेली. तेव्हापासून काम हे नुसतं निमित्त होतं. घरी बसवत नव्हतं, एवढंच.

एका संग्राहकानं अॅम्प्लिफायरचा एक लाकडी डबा दुरुस्तीला पाठवला. सोबतच्या कागदात माहिती होती : हार्लन क्रेब, अमेरिकन गायक, गिटारवादक. गाणी स्वतःच लिहायचा. दोन रेकॉर्डी निघाल्या. बायको वारल्यावर त्यानं हा डबा बनवला. गिटारचा सूर तार थांबल्यावरही यात टिकून राहायचा. एका कंपनीनं डबा विकत मागितला, त्यानं करारावर सही केली नाही. गाणं सोडलं आणि वीस वर्षं या डब्याबरोबर एका खोलीत राहिला.

बिघाड साधाच होता. स्पीकरची वायर कापलेली होती. निशिकांतनं ती सोल्डर केली, गिटार जोडली, एक तार छेडली.

सूर थांबला नाही. एसीची घरघर त्यात बुडाली. मग सुराच्या तळाशी कुणीतरी बोललं.

"अहो, जेवलात का?"

आपण फार थकलोय, असं त्याला वाटलं. तरी त्यानं हळूच उत्तर दिलं, "नाही अजून."

"वाळलात किती."

आवाज संजीवनीचा होता, पण आयुष्यात तिनं असं कधी म्हटलं नव्हतं. ती गेल्यावरच तो वाळला होता.

तेवढ्यात फोन वाजला. मुलगी, इरा, तिच्या नेहमीच्या सिंगापुरी ढंगात. "बाबा, लंच झालं? स्किप करू नका लाह. मी येऊ का तिकडे?"

"थांब, सांगतो," म्हणून त्यानं फोन ठेवला.

"इराला बोलावू नका," सुरातून आवाज आला. "आपण दोघंच बरे."

संजीवनी लेकीवर जीव टाकायची.

त्यानं पक्कड घेतली आणि वायर कापली. खोली एकदम शांत झाली.

कापताना वायरवरची जुनी टेप सुटली. खाली सोल्डरच्या गाठी होत्या, एकापुढे एक. त्यानं मोजल्या. अकरा.

क्रेबनं अकरा वेळा वायर कापली होती. आणि अकरा वेळा जोडली होती. बाराव्यांदा कापली, ती मात्र तशीच सोडली होती.

इराचा फोन पुन्हा वाजायला लागला. त्यानं तो बंद केला, आणि सोल्डरिंग आयर्न तापायला ठेवलं.